जुनी मोटारसायकल बदलताना : आधी कंबर पाहा, मग किंमत

मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. तिच्यावरून खताची पोती बांधीपर्यंत जातात, मुले शाळेत जातात, तापाने फणफणलेला म्हातारा दवाखान्यात जातो आणि मोहाडी, तुमसर, भंडाऱ्याची कामेही तिच्यावरच होतात. दहा-बारा वर्षे राबलेली गाडी थकते. मग धान विकून पैसा हाती आला की नवी गाडी घेण्याचा विषय घरात निघतो. त्या वेळी चर्चा होते ती किंमत, हप्ता आणि ॲव्हरेज यांची. ज्याच्या कमरेवर, गुडघ्यावर आणि डोक्यावर या निवडीचा परिणाम व्हायचा, त्याच्या शरीराचा विचार कोणी करीत नाही. आजच्या लेखात तोच करू.

खरोखरच गाडी बदलायची आहे काय?

गाडी चालवून कंबर दुखते म्हणून अनेकजण गाडी विकायला निघतात. आधी एक साधी परीक्षा करा. चार दिवस गाडी चालवू नका. दुखणे स्पष्ट कमी झाले, तर गाडीचा त्यात वाटा आहे असे समजा. मग मिस्त्रीकडून मागचे शॉकॲब्सॉर्बर, पुढच्या फोर्कमधील तेल, सीटचा दबलेला फोम आणि टायरमधील हवा तपासून घ्या. पुष्कळदा थोड्या खर्चात काम भागते. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसण्याची सवय असेल तर तीही सोडा. त्यामुळे बैठक तिरपी होते आणि नितंबातून पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाब येतो.

मात्र कळ गुडघ्याच्या खालपर्यंत जात असेल, पाय बधिर होत असेल किंवा त्यातला जोर कमी झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल तर एक दिवसही थांबू नका.

चासीला तडा गेला असेल, वेल्डिंग करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, किंवा ब्रेक दुरुस्त करूनही गाडी वेळेवर थांबत नसेल, तर तिचा मोह धरू नये. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती मुदत जवळ आली असेल तर नूतनीकरणाचा आणि दुरुस्तीचा खर्च एकत्र मांडून निर्णय घ्यावा.

उंची आणि वजन

दुकानात गाडी मधल्या स्टँडवर असताना बसून पाहण्यात अर्थ नाही. स्टँड काढा, रोजच्या चपलेत किंवा बुटात बसा. दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीवर पक्के टेकले पाहिजेत. एका बाजूला झुकून एकच पाय टेकत असेल, तर चिखलाच्या पांदण रस्त्यावर गाडी आपल्यासह आडवी होणार हे नक्की समजा.

शंभर सीसीच्या गाड्यांत स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची आहे आणि शाईन १०० तर १०० किलोच्या आत आहे. दीडशे सीसीची पल्सर १५० किलोच्या आसपास जाते. हा फरक धावताना जाणवत नाही. तो गाडी मागे ढकलताना, पडलेली उचलताना आणि वळवताना जाणवतो. हर्नियाचे ऑपरेशन झालेल्याने, कमरेची चकती सरकलेल्याने आणि पन्नाशी ओलांडलेल्याने हलकी गाडीच निवडावी. गुडघे दुखत असतील तर सेल्फस्टार्ट हवाच. किक मारताना गुडघ्याला बसणारा झटका टाळता येतो.

काहींना गिअर नसलेली स्कूटर सोपी वाटते आणि गुडघ्यांना ती खरोखरच सोयीची असते. पण तिची चाके लहान, साधारण १० ते १२ इंचांची असतात. मोटारसायकलची चाके १७-१८ इंचांची असल्याने खड्ड्यावरून ती कमी आदळते. रोजचा रस्ता डांबरी असेल तर स्कूटर चालेल. खड्ड्यांचा असेल तर मोटारसायकल बरी.

बसण्याची ठेवण

तरुण मुलांना पुढे झुकून चालवायच्या गाड्या आवडतात. अशा बैठकीत हँडलवर मनगटांचा भार येतो, मान वर उचलून धरावी लागते आणि कमरेला बाक येतो. अर्ध्या तासाच्या प्रवासाला हे चालून जाईल. रोज तासभर चालवणाऱ्याला मानेचे दुखणे आणि बोटांना मुंग्या ठरलेल्या. पाठ सरळ, कोपर किंचित वाकलेले, मनगट सरळ रेषेत आणि गुडघे फार न दुमडलेले अशी बैठक उत्तम. गाडी बापलेक दोघे चालवणार असतील, तर ज्याचे शरीर अधिक नाजूक त्याच्या सोयीने निवड करावी. मुलगा वडिलांच्या गाडीवर निभावून नेईल. वडिलांना मुलाची गाडी निभत नाही.

मागे बसणारीचे काय?

आपल्याकडे मागे बहुधा घरची बाई बसते, पुष्कळदा एका बाजूला पाय सोडून आणि मांडीवर मूल घेऊन. म्हणून गाडी घेताना तिलाही दुकानात न्या आणि मागे बसवून पाहा. मागची सीट उंच, अरुंद आणि उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला ती पुढे घसरेल. धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला पायदान आणि मागचे चाक झाकणारी जाळी या तिन्ही गोष्टी मोटार वाहन नियमांनीच बंधनकारक केल्या आहेत. ‘गाडी शोभत नाही’ म्हणून जाळी काढून टाकणारे महाभाग आहेत. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गुंतली की बाई मागच्या मागे फेकली जाते आणि डोके रस्त्यावर आदळते. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे अधिक सुरक्षित, हे घरात मोकळेपणाने सांगा.

ब्रेक : इथे काटकसर नको

ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर ढोर आडवे आले हे डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढे अंतर कापले गेलेले असते. १ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस सक्तीचे झाले. एबीएसमुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरत नाही. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. त्यापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत यांपैकी काहीच नाही. जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेताना हे लक्षात असू द्यावे. पुढचा ब्रेक वापरला की गाडी उलटते हा समज मनातून काढा. गाडी थांबवण्याचे मोठे काम तोच करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवीत लावण्याचा सराव मोकळ्या मैदानात करा.

मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्यांना पायाखाली ब्रेक किती दाबला याचा अंदाज येत नाही. अशांनी गाडी चालवण्याविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपत असतील तर नवी गाडी घेण्याआधी मोतीबिंदूची तपासणी करून घ्या.

जुनी गाडी घेताना टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील तर टायर बदला.

दोन हेल्मेटे धरूनच हिशेब

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेटमुळे डोक्याला मार लागण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत आढळले आहे. म्हणून गाडीच्या किमतीतच आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेटे धरा, एक चालवणाऱ्याचे आणि एक मागे बसणारीचे. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना सगळ्यात आधी उडून जाते. पैसे कमी पडत असतील तर खालच्या मॉडेलची गाडी घ्या, पण हेल्मेट हलके घेऊ नका.

शेवटी चालवून पाहा

निदान अर्धा तास, मागे माणूस बसवून, खराब रस्त्यावर गाडी चालवा. उतरल्यावर कंबर, मनगट, मान आणि गुडघा यांना विचारा. चौघांपैकी एकानेही तक्रार केली तर दुसरी गाडी पाहा. गाडीचा हप्ता दोन-तीन वर्षांत फिटतो. कमरेचे दुखणे मात्र जन्मभर सोबत राहू शकते.