सीताफळाच्या पानापासून जांभळ्या प्लेटपर्यंत

कोट चढवलात? हातमोजेही? मग या असे टेबलाशी. सीताफळाच्या पानांचा अर्क स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींना रोखतो का, ते बघू. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मागवता येतात. त्या आधी वाढवून ठेवा.

१. फांदी वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून ओळखून घ्या. रामफळाची पानं नकळत मिसळतात!

२. पानं धुऊन सावलीत कुरकुरीत वाळवा. ऊन नको.

३. मिक्सरमध्ये थांबत थांबत पूड करा. भांडं तापू देऊ नका.

४. १० ग्रॅम पूड १०० मिली मेथॅनॉलमध्ये भिजवा. जवळ बर्नर पेटलेला नको.

५. बूच लावून ४८ तास शेकरवर ठेवा.

६. व्हॉटमन नं. १ कागदातून गाळा.

७. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांखाली मेथॅनॉल उडवा. वजन दोनदा सारखं भरेपर्यंत थांबू नका; उरलेलं मेथॅनॉल पेशी मारेल आणि श्रेय सीताफळाला जाईल.

८. उरलेला चिकट हिरवा राब डीएमएसओमध्ये विरघळवा, मिलीला १०० मिग्रॅ. (हा अर्क कोणालाही पाजायचा नाही. काकूंनी मागितला तरी!)

९. ०.२२ मायक्रॉनच्या नायलॉन फिल्टरमधून गाळा. सेल्युलोज असिटेटचा फिल्टर डीएमएसओत विरघळतो.

१०. ९६ वेलच्या प्लेटमध्ये आतल्या प्रत्येक वेलात १०० मायक्रोलिटरमधून ७,००० पेशी सोडा. दर दोन-तीन वेलांनंतर नळी हलवा, पेशी तळाशी बसतात. पुढच्या प्रत्येक मात्रेसाठी दोन-तीन वेल बिनपेशींचे ठेवा, त्यांत नुसतं मीडियम.

११. कडेच्या वेलांत पीबीएस भरा. कडा आधी सुकतात.

१२. ३७ अंश, ५% कार्बन डायऑक्साइडमध्ये २४ तास ठेवा.

१३. अर्क मीडियममध्ये मिलीला ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत विरळ करा.

१४. तिथून निम्मं-निम्मं करत २५ पर्यंत उतरा. प्रत्येक नळीत डीएमएसओ सारखाच, ०.४% हवा.

१५. प्रत्येक मात्रा तीन-तीन वेलांत १०० मायक्रोलिटर घाला. वेलात ती निम्मी होते, घाबरू नका. तुलनेला नुसत्या डीएमएसओचे आणि कर्करोगाच्या औषधाचे, डॉक्सोरुबिसिनचेही वेल हवेत. बिनपेशींच्या वेलांत अर्क घालायला विसरू नका: पुढे घालायचं एमटीटी जिवंत पेशी जांभळं करतात, पण पानांतली काही द्रव्यंही ते पेशींशिवायच जांभळं करतात, आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.

१६. ४८ तास परत इनक्युबेटरमध्ये ठेवा.

१७. प्रत्येक वेलात मिलीला ५ मिग्रॅचं २० मायक्रोलिटर एमटीटी घाला. दिवे मंद ठेवा.

१८. ४ तास थांबा.

१९. प्लेट तिरकी धरून वरचं द्रव काढा. पिपेटचं टोक भिंतीला टेकवा, तळाला नाही. मी एकदा घाईत प्लेट झटकली आणि सगळे जांभळे स्फटिक सिंकमध्ये!

२०. १०० मायक्रोलिटर डीएमएसओ घालून स्फटिक विरघळवा. बुडबुडा राहिला तर सुईने फोडा.

२१. ५७० नॅनोमीटरवर वाचा.

२२. प्रत्येक मात्रेतून तिच्याच बिनपेशी वेलाचा आकडा वजा करा.

२३. हेच सगळं स्तनाच्या कर्करोग नसलेल्या, एमसीएफ-१०ए पेशींवर करा. त्याही तेवढ्याच मेल्या, तर पार्टी लांबणीवर.