प्रशस्ती आणि पत

१७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत डिस्नेलँड हे करमणूक-उद्यान उघडले. तो सोहळा घरोघर दाखविणारी एबीसी ही दूरचित्रवाणी कंपनी त्या उद्यानाची भागीदार होती. आज अशा उद्यानांची वाखाणणी इंटरनेटवरील प्रसिद्ध व्यक्ती मानधन अथवा विनामूल्य सहल घेऊन करतात. यात गैर काही नाही; तो संबंध झाकणे मात्र गैर होय. भारत सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेनुसार फुकट सहलही उघड सांगावी लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल व्यापारी व प्रशंसक या दोघांसही १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून आपण व्यापाऱ्यांनी अशी प्रशस्ती करविताना करार लेखी करावा व मोबदल्याचा उल्लेख स्पष्ट करवून घ्यावा. दंड भरता येतो. गेलेली पत विकत मिळत नाही.