कॉपीराइट नोटीस आली तर वही कुणाला दाखवायची, आणि किती?



आजचा धडा थोडा कायद्याचा आहे, पण घाबरू नका. आपल्या दुकानाच्या भाषेतच समजून घेऊ. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

समजा, कापड बाजारात तुमचं दुकान आहे. एका कंपनीचा माणूस येतो आणि म्हणतो, "या बाजारात आमच्या ब्रँडचा डुप्लिकेट माल विकला जातोय. तुमची उधारीची वही द्या. कोणी, कधी, काय नेलं ते सगळं बघायचंय." तुम्ही काय कराल? डुप्लिकेट माल खरंच असेल तर तो काढून टाकाल. त्या मालाची बिलं दाखवाल. पण सगळी वही? त्यात कुणाच्या लग्नाचा बस्ता आहे, कुणाची थकलेली बाकी आहे. त्या लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून नाव लिहू दिलेलं असतं.

मालकाचा हक्क खरा असतो आणि गिऱ्हाइकाची खाजगी बाबही खरी असते. त्यामुळे "माहिती द्यायची की नाही" एवढ्यावर थांबू नका. "कामापुरती किती द्यायची" हे विचारा.

१. यूट्यूबची वही मागितली गेली तेव्हा

मार्च २००७ मध्ये अमेरिकेतल्या व्हायकॉम या मोठ्या मनोरंजन कंपनीने यूट्यूब आणि गुगलवर एक अब्ज डॉलरचा दावा ठोकला. आमचे कार्यक्रम लोक परवानगीशिवाय टाकतात आणि तुम्ही त्यावर कमावता, असं तिचं म्हणणं होतं. चोरीचे व्हिडिओ जास्त बघितले जातात हे सिद्ध करायला तिने प्रेक्षकांच्या नोंदी मागितल्या.

जुलै २००८ मध्ये न्यायाधीश लुई स्टँटन यांनी तसा हुकूम दिला. त्या नोंदींमध्ये प्रत्येक वेळी बघणाऱ्याचा लॉगिन आयडी, वेळ, आयपी ॲड्रेस आणि कुठला व्हिडिओ, हे सगळं होतं. एकूण डेटा १२ टेराबाइट.

गंमत बघा. त्याच निकालात गुगलचा सर्च चालवणारा सोर्स कोड मात्र द्यायची गरज नाही असं ठरलं, कारण ते धंद्याचं गुपित. म्हणजे कंपनीचं गुपित सुरक्षित, आणि बघणाऱ्यांची यादी उघडी! लोकांनी ओरड केली. दोनच आठवड्यांत दोन्ही बाजूंनी ठरवलं की ओळख पटेल अशी माहिती झाकूनच नोंदी द्यायच्या. २०१४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी वाद आपसात मिटवला.

आता विचार करा. व्हायकॉमला फक्त "किती वेळा बघितलं" हे हवं होतं. "कोणी बघितलं" याची गरजच नव्हती. मग नावं कशाला द्यायची?

२. आपल्या मुंबई हायकोर्टात काय झालं?

२०१६ मध्ये 'ढिशूम' या हिंदी सिनेमाच्या पायरसीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर इंटरनेटवरच्या लिंक बंद करण्याची मागणी होती. त्यांनी सरसकट अख्ख्या साइट बंद करायला नकार दिला. चोरीचा माल कुठे आहे ते नेमकं दाखवा, असा त्यांचा आग्रह होता.

त्याच सुमारास बंद केलेली लिंक उघडली की स्क्रीनवर इशारा यायचा, की हे नुसतं बघणंसुद्धा गुन्हा आहे, तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. लोक हादरले होते. कोर्टाने स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे.

आपल्या धंद्याला याचा अर्थ काय? मोबाइल दुकानात सिनेमे पेनड्राइव्हमध्ये भरून देणं, हॉटेलात पायरेटेड सिनेमा लावणं, हे बघण्यात मोडत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. संगमनेर असो की जामखेड, कायदा तोच.

३. तुमच्या चॅनेलवर तक्रार आली तर

आधी नीट बघा, आलंय काय ते.

- कंटेंट आयडी क्लेम : बहुतेक वेळा गाण्यामुळे येतो. व्हिडिओची कमाई मालकाकडे जाऊ शकते किंवा व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. हा स्ट्राइक नाही.
- कॉपीराइट स्ट्राइक : हा गंभीर. ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. व्हिडिओ डिलीट केला म्हणून स्ट्राइक जात नाही.

तक्रार चुकीची असेल तर तुम्ही काउंटर नोटिफिकेशन देऊ शकता. पण त्यात भरलेलं तुमचं नाव, पत्ता, फोन हे तक्रार करणाऱ्याकडे जातं. हे फॉर्म भरण्याआधी माहीत हवं.

याचा गैरफायदाही घेतला गेलाय. २०१९ मध्ये यूट्यूबने अमेरिकेत एका माणसावर दावा केला. आरोप असा, की तो खोट्या तक्रारी करून क्रिएटर्सकडून पैसे उकळायचा आणि काउंटर नोटिफिकेशनमधून त्यांचा पत्ता मिळवायचा. त्याला माफी मागून २५ हजार डॉलर द्यावे लागले.

म्हणून फॉर्म रागाच्या भरात भरू नका. घरून धंदा करणाऱ्या ताईंनी तर विशेष काळजी घ्या. वकिलामार्फतही काउंटर नोटिफिकेशन देता येतं. आणि कुणी परस्पर व्हॉट्सॲपवर "पैसे टाका, स्ट्राइक काढतो" म्हणालं, तर एक रुपयाही देऊ नका. स्क्रीनशॉट ठेवा आणि सल्ला घ्या.

४. तुमचा व्हिडिओ कुणी चोरला तर

इथे तुम्ही मालक. त्या व्हिडिओची नेमकी लिंक द्या आणि मूळ फाइल जपून ठेवा. भारतीय नियमांनुसार योग्य लेखी तक्रार आल्यावर साइटने ३६ तासांत कारवाई करायची असते, आणि कोर्टाचा हुकूम २१ दिवसांत आणला नाही तर मजकूर परत सुरू होऊ शकतो. तक्रारीसाठी धंद्याचा वेगळा ईमेल ठेवा, कारण तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळतं.

चोराला धरा, पण त्याच्या व्हिडिओखाली लाइक करणाऱ्यांची नावं गोळा करून ग्रुपवर टाकू नका. ते उद्याचे तुमचेच गिऱ्हाईक आहेत.

५. आपल्याकडची वही

२०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि डेटा सांभाळण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे क्यूआर कोडवर घेतलेला नंबर, क्लासची यादी, व्हिडिओत दिसणारा ग्राहकाचा चेहरा, सगळ्याची जबाबदारी आपली.

शनिशिंगणापूरच्या घरांना परंपरेने दारं नसतात, म्हणून कुणीही आत शिरून कपाट उघडावं असं नाही. दार नसणं म्हणजे परवानगी नव्हे. गिऱ्हाइकाच्या नंबरचंही तसंच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या सगळ्या व्हिडिओंतली गाणी तपासा. शंका असेल ते बदला. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं.
२. धंद्याचा वेगळा ईमेल काढा.
३. तुमच्याकडे ग्राहकांची कोणती माहिती आहे त्याची यादी करा, आणि प्रत्येकीपुढे "कशासाठी?" लिहा. उत्तर नसेल ती माहिती काढून टाका.

तिसऱ्या कामाला अर्धा तास लागेल, पण ते टाळू नका. कोणी वही मागायला येईल तेव्हा त्यात जे लिहिलेलंच नाही, ते तुमच्याकडून जाणारही नाही.