माझ्या पेशी, भावाच्या अंगात

पिंपळगाव रेणुकाईत मिरचीचा हंगाम सुरू झाला की निम्म्या गावाच्या हातांची आग होत असते. तोडणाऱ्यांच्या, पोती भरणाऱ्यांच्या, माल निवडणाऱ्यांच्या. म्हणून धाकट्या भावाचे तळहात लाल झाले तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणाला, "मिरची लागली असंल, खोबरेल लाव." पण भाऊ कित्येक महिन्यांत मिरचीजवळ फिरकलाच नव्हता. ब्लड कॅन्सरसाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून तो नुकताच मुंबईहून घरी आला होता. भावजयीने त्याच रात्री तिकडच्या डॉक्टरांना फोन लावला आणि उजाडायच्या आत गाडी निघाली. मिरचीचा तिथे काहीच संबंध नव्हता. ते काम माझ्या पेशींचं होतं.

ट्रान्सप्लांट म्हटलं की लोक एकच विचारतात, "मॅच झालं का?" सख्ख्या भावंडांत एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक असते. आमचं जुळलं, घरात पेढे वाटले. पण जुळणं म्हणजे सारखं असणं नव्हे. तसं फक्त एकसारख्या जुळ्यांचं असतं. दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, हाडं ठणकतात, मग रक्त मशीनमधून फिरवून पेशी काढतात. त्या पिशवीत नवं रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, तशा टी-पेशीही असतात. परकं दिसेल त्यावर तुटून पडायचं, हेच टी-पेशींचं काम. रुग्णाच्या अंगात गेल्यावर त्यांना त्याची कातडी, आतडी आणि यकृतच परकं वाटू शकतं. डॉक्टर याला जीव्हीएचडी म्हणतात.

बाईच्या पेशी पुरुषाला दिल्या तर हा धोका थोडा जास्त असतो, कारण वाय गुणसूत्रामुळे बनणारी प्रथिनं बाईच्या पेशींच्या ओळखीची नसतात. तिला बाळंतपणं झालेली असली तर आणखी वाढतो. मला दोन लेकरं. डॉक्टरांनी हे आधीच समजावलं होतं, पण दुसरं कुणी जुळत नव्हतं.

मग टी-पेशी आधीच गाळून का टाकत नाहीत? मीही विचारलं होतं. तसं करून पाहिलेलं आहे. जीव्हीएचडी कमी झाला, पण कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलं. १९९० साली बऱ्याच देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा एकसारख्या जुळ्या भावंडाच्या, म्हणजे परक्या न वाटणाऱ्या, पेशी घेतलेल्यांमध्येही ल्युकेमिया जास्त उलटल्याचं दिसलं. केमोतून वाचलेल्या कॅन्सरच्या पेशी हुडकून मारतात त्या दात्याच्याच पेशी. मला हे कळलं तेव्हा भावाच्या अंगावरच्या त्या लाल चट्ट्यांकडे बघायची भीती थोडी कमी झाली. डॉक्टरांना दात्याच्या या पेशी मारायच्या नसतात, सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनी आवरायच्या असतात.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात पहिलं ट्रान्सप्लांट १९८३ साली झालं. इतकी वर्षं झाली तरी गावाकडे या गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. ट्रान्सप्लांट ठरत असेल तर रुग्णाला सख्ख्या नातेवाइकांचं रक्त चढवू नका, कितीही मायेने कुणी पुढे आलं तरी. त्याने पुढे दात्याच्या पेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. ट्रान्सप्लांटनंतर गावाजवळ कुठे रक्त चढवायची वेळ आलीच, तर ते इरॅडिएटेड, म्हणजे किरणं दिलेलं आहे ना, हे आधी विचारा. तळहात, तळपाय, कानांवर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळे पिवळे दिसणं, यातलं काहीही झालं तरी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. उष्णता झाली, बाहेरचं खाल्लं, असं घरच्या घरी ठरवू नका. तोंड आणि डोळे कोरडे पडणं, कातडी आवळणं हे कित्येक महिन्यांनीही सुरू होऊ शकतं. कडक उन्हानेही पुरळ उसळतो, तेव्हा दुपारी शेतात जाऊ देऊ नका.

प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा तर मुळीच नको. डॉक्टर जी शक्ती मुद्दाम दाबून धरतात, तीच आपण चेतवायची? गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी कोरोनाच्या काळात मुंबईच्याच डॉक्टरांनी केल्या आहेत. पपनसही टाळा, त्याने सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी वाढते. बरं वाटतंय म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणं तर सगळ्यांत वाईट.

भावाला स्टेरॉइड द्यावं लागलं, चट्टे गेले, जुलाब सुरू व्हायच्या आधीच आवरलं. आता त्याचा रक्तगटही माझाच आहे, बी पॉझिटिव्ह.

दात्याचं काम मात्र पिशवी दिली की संपत नाही. कॅन्सर उलटला तर त्याच दात्याच्या लिंफोसाइट पेशी (टी-पेशी त्यांतल्याच) पुन्हा देतात; म्युनिकच्या डॉक्टरांनी हा उपाय १९९० साली मांडला. तेव्हा फोन नंबर बदलला, दिवस गेले, नवा आजार निघाला, तर दात्यानेही रुग्णालयाला कळवत राहावं.