स्वादुपिंडातील बेटे

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, अशी आपल्याकडे समजूत आहे. ‘बसून खाणाऱ्याला साखर होते, राबणाऱ्याला कुठली?’ असे आमच्या राजारामपुरीच्या गल्ल्यांतही ऐकू येते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी प्रथम शरीरातील एका लहानशा भागाची ओळख करून घेऊ.

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. पाचक रस तयार करणे हे त्याचे मोठे काम. परंतु त्यात पेशींचे बारीक पुंजकेही विखुरलेले असतात. १८६९ साली पॉल लँगरहान्स या एकवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्याने त्यांचे प्रथम वर्णन केले. म्हणूनच त्यांना ‘लँगरहान्सची बेटे’ म्हणतात. ही बेटे सुमारे दहा लाख असली, तरी स्वादुपिंडाच्या वजनात त्यांचा वाटा शेकडा एक-दोनच भरतो. या बेटांतील ‘बीटा’ पेशी इन्सुलिन तयार करतात. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनचा अर्क मिळवला आणि पुढच्याच वर्षी तो रुग्णांना जीवदान देऊ लागला.

इन्सुलिनचे कार्य आपल्या कोल्हापूरकरांना सहज समजेल. गळिताच्या हंगामात कारखान्याचे फाटक उघडले नाही, तर उसाच्या गाड्या रस्त्यावर तुंबतात. ऊस असूनही गव्हाण रिकामी राहते. तसेच अन्नातून आलेली साखर स्नायूंच्या पेशींत शिरण्यासाठी इन्सुलिनने फाटक उघडावे लागते. ते न उघडल्यास साखर रक्तात तुंबते आणि पेशी उपाशी राहतात.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींचा नाश करते. हा प्रकार बहुधा लहान वयात सुरू होतो, आणि अशा रुग्णाने कोणाच्याही सांगण्यावरून इन्सुलिन बंद करणे म्हणजे प्राणाशी खेळणे होय. दुसऱ्यात फाटकच जड होते. ते उघडण्यासाठी बीटा पेशींना अधिक इन्सुलिन पुरवावे लागते आणि त्या कमी पडल्या की साखर वाढते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. ही मुले अठरा वर्षांची झाल्यावर ६१९ जणांची तपासणी झाली. त्यांतील जवळजवळ निम्मे वजनाने कमी होते. तरीही मुलांपैकी शेकडा ३७ व मुलींपैकी शेकडा १८ जणांची साखर प्रमाणाबाहेर निघाली! प्रत्यक्ष मधुमेह एकालाच होता. बाकीचे उंबरठ्यावर उभे होते. त्यांच्या बीटा पेशी बालपणापासूनच गरजेइतके इन्सुलिन पुरवू शकत नव्हत्या, जन्मतः त्यांची लांबी कमी होती आणि त्यांच्या मातांची गरोदरपणातील साखर अधिक होती.

मित्रहो, ही मुले आपल्याच वयाची आणि आपल्यासारख्याच खेड्यापाड्यांतल्या घरांतली होती. तेव्हा बारीक अंगकाठी म्हणजे निर्धास्तपणा नव्हे. घरात कोणाला मधुमेह असेल, तर आपणही रक्त तपासून घ्यावे. आणि ज्या घरांत सून सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते, त्या घरांत गर्भवतीचे ताट आधी वाढले जावे आणि तिची साखर वेळेवर तपासली जावी. पुढच्या पिढीच्या बीटा पेशींची जडणघडण आईच्या पोटातच सुरू होते.