वार्धक्याचा अभ्यास : वय कोणते, पिढी कोणती?

अंधेरी पूर्वेकडील मरोळ हे एकेकाळी भातशेतीचे गाव होते. पुढे तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, कारखाने आले, वस्ती दाटली. जुन्या गावठाणातील एखाद्या घरात आज तीन पिढ्या एकत्र नांदताना दिसतात. आजीने शेतात काम केले. तिला शाळेचे तोंड पाहता आले नाही. मुलाने कारखान्यात नोकरी केली. नातू संगणकावर काम करतो. आजीला अर्ज वाचता येत नाही, हे पाहून 'वयोमानाने असे व्हायचेच' असे आपण सहज म्हणतो. परंतु हे खरोखर वयाचे लक्षण आहे काय?

वार्धक्यशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न येथेच उभा राहतो. वार्धक्यशास्त्र म्हणजे वृद्धत्वाच्या शारीरिक, मानसिक व सामाजिक बाजूंचा अभ्यास. या शास्त्राचे इंग्रजी नाव मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने 1903 मध्ये रूढ केले. वृद्धांच्या आजारांवरील उपचारांचे शास्त्र, म्हणजे जराचिकित्सा, ही त्याची एक शाखा होय.

अभ्यासाच्या दोन रीती

एकाच वेळी निरनिराळ्या वयांच्या माणसांची पाहणी करून त्यांची तुलना करणे, ही पहिली रीत. ती स्वस्त व झटपट आहे. पण तीत वय आणि पिढी यांची गल्लत होते. सत्तर वर्षांची व्यक्ती आणि तीस वर्षांची व्यक्ती यांच्यात चाळीस वर्षांचे अंतर असते, तसेच शिक्षण, आहार आणि औषधोपचार यांचेही अंतर असते. दुसरी रीत म्हणजे त्याच व्यक्तींना काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा भेटणे. ती खर्चिक व चिकाटीची आहे. परंतु माणूस प्रत्यक्षात कसा बदलत जातो, हे तीतूनच कळते.

वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे असा अभ्यास सुरू केला आणि त्यासाठी आपले आयुष्य वेचले. वेगवेगळ्या वयांची तुलना केली असता बुद्धीचा ऱ्हास लवकर सुरू होतो असे दिसे. त्याच व्यक्तींचा मागोवा घेतला असता मात्र बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्याच अंशी टिकून राहतात, असे आढळले. ऱ्हास म्हणून जे मोजले जात होते, त्यातील मोठा भाग पिढ्यांमधील फरकाचा होता.

मुंबईतील कार्य

या विषयात मुंबईचा वाटा लक्षणीय आहे. देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेतील के. जी. देसाई यांनी आर. डी. नाईक यांच्यासमवेत बृहन्मुंबईतील निवृत्त लोकांच्या समस्यांचा अभ्यास केला. त्यांनी संपादित केलेला 'एजिंग इन इंडिया' हा ग्रंथ 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे वृद्धत्वावरील पहिली जागतिक परिषद भरली.

मात्र 'निवृत्ती' हा शब्द नोकरदाराचा आहे. शेतकरी, घरकामगार, छोट्या कारखान्यातील रोजंदार यांना निवृत्तीचा दिवस नसतो. हातपाय चालेनासे झाले की मिळकत थांबते. म्हणून अभ्यासाचे क्षेत्र विस्तारणे आवश्यक होते. देवनारच्याच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशव्यापी वार्धक्य पाहणीची पहिली फेरी पार पाडली. तीत 45 वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून अधिक लोकांची माहिती घेण्यात आली. हाताच्या पकडीचे बळ, चालण्याचा वेग व रक्तदाबही मोजण्यात आला. त्याच व्यक्तींना पुढील फेऱ्यांत पुन्हा भेटता यावे, अशी या पाहणीची आखणी आहे.

प्रशासनाला बोध

हा भेद केवळ विद्वानांच्या उपयोगाचा नाही. आजीचे निरक्षर असणे हे वयाचे फळ मानले, तर त्यावर उपाय उरत नाही. ते तिच्या पिढीला न मिळालेल्या संधीचे फळ मानले, तर उपाय हाती असतो : साक्षरता वर्ग, अर्ज भरून देणारा सेवक, सोप्या भाषेतील सूचनाफलक. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी 2007 चा कायदा आहे आणि त्याखाली उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. परंतु ज्याला अर्जच करता येत नाही, त्याच्यापर्यंत कायदा कसा पोहोचणार?

ग्रामपंचायतीला व शाळेला यात बरेच करता येईल. गावातील साठीवरील व्यक्तींची नोंद एकदा करून वही मिटवू नये. दरवर्षी त्याच व्यक्तींना तेच चार प्रश्न विचारावेत : दिसते का, चालता येते का, मिळकत काय, सोबतीला कोण? मागील वर्षाच्या उत्तराशी ताडून पाहिले की मदत कोणाला तातडीने हवी, हे ती वहीच सांगेल. 2011 च्या जनगणनेत देशात साठीवरील व्यक्तींचे प्रमाण 8.6 टक्के होते. महाराष्ट्रात ते त्याहून अधिक होते आणि पुढे ते वाढतच जाणार आहे. आज जे चाळिशीत आहेत, तेच उद्याचे वृद्ध होत. त्यांचे वार्धक्य कसे असेल, हे बरेचसे आज त्यांना मिळणाऱ्या शिक्षणावर, आरोग्यसेवेवर व बचतीवर अवलंबून राहील.