केळीच्या सोपटाचे चित्र

फुलवाला हार ज्या तपकिरी पट्टीने बांधतो, ती पट्टी म्हणजे केळीचे सोपट. हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण या सोपटाचे चित्रही होते, हे ऐकले आहे का? रंग नाही, कुंचला नाही. नुसते सोपट, पुठ्ठा आणि खळ!

आफ्रिका खंडात युगांडा नावाचा देश आहे. आपली जशी भाकरी, तशी तिथे कच्ची केळी. ती वाफवायची, कुस्करायची आणि कालवणाबरोबर खायची. तिथले आणि शेजारच्या केनियातले कलाकार वाळलेले सोपट कापून त्याचे लहान लहान तुकडे शेजारी शेजारी चिकटवतात. मोझाईकच्या फरशीत दगडाचे तुकडे बसवतात ना, अगदी तसेच. त्यातून झोपडी उभी राहते, गाय उभी राहते, डोक्यावर ओझे घेतलेली बाई चालू लागते.

मग रंग कुठून आले? केळीचे खोड हे खरे खोड नव्हेच. कांद्यासारखे एकावर एक गुंडाळलेले पदर म्हणजे ते खोड. बाहेरचे पदर वाळून गडद तपकिरी होतात, आतले फिकट राहतात. एकाच झाडात इतक्या छटा! या पदरांत बारीक तंतू असतात. बाहेरचे जाड, आतले मऊ. फिलिपाइन्स देशात अबाका नावाची केळीची बहीण आहे. तिच्या तंतूंचे दोर जहाजांना लावत. जपानच्या ओकिनावा बेटावर तर केळीच्या तंतूंचे कापड विणतात.

आता आपल्या नांदेड जिल्ह्याकडे या. अर्धापूरची केळी कोणाला माहीत नाही? केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की ते तोडतात आणि बाजूचा मुनवा वाढू लागतो. तोडलेले खोड बांधावर पडून राहते. त्याचे खत होते, हे चांगलेच. पण मुलांनो, त्यातच आपले चित्रही पडलेले असते.

तंतूंची विद्या आपल्याला नवी नाही. केकताडाची पाने ठेचायची, अंबाडी पाण्यात कुजवायची आणि वाख काढायचा. मग पीळ द्यायचा. एक तंतू बोटाने तुटतो. पण दोन पेड एका बाजूला पिळले आणि दोन्ही मिळून उलट्या बाजूला वळले, की ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. तोच दोर! मराठवाड्यात मातंग समाजाच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या असे दोर वळले. त्यांच्या दाव्या-कासऱ्यांवाचून ना बैल बांधला गेला, ना औत चाललं. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवी वेसण-म्होरकी आली, ती त्यांच्याच हातची.

आता बाजारात नायलॉनचा दोर मिळतो. तो टिकतो खरा, पण तुटला की त्याचे तुकडे वर्षानुवर्षे मातीत तसेच राहतात. वाखाचा दोर मातीतून येतो आणि मातीत जातो. युगांडातल्या माणसाने तंतूंचे चित्र केले, त्याला आपण कलाकार म्हणतो. आपल्या गावात ज्याने तंतूंचा दोर वळला, त्याला काय म्हणायचं? तुम्हीच सांगा.

करून पाहा
१) वाळलेलेच सोपट घ्या. ओल्या केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही.
२) ओल्या फडक्याने पुसा, वह्यांखाली दाबून सपाट करा.
३) गडद, मध्यम, फिकट असे तीन ढीग करा.
४) पुठ्ठ्यावर पेन्सिलीने बैल काढा. आधी मागची फिकट बाजू चिकटवा, मग बैल.
५) कात्री मोठ्यांसमोरच वापरा.

घरचा अभ्यास
गावात दोर वळता येणारे आजोबा किंवा आजी शोधा. एक वीत दोर त्यांच्याकडून शिकून वळा आणि तो चित्रातल्या बैलाच्या गळ्यात बांधा. चित्राखाली आपले नाव लिहाल, तेव्हा ज्यांनी शिकवले त्यांचेही लिहा.